जाईबाईचा रिकामा वर्ग



चार रुपये महिना. नागपुरातल्या एका मिशन शाळेत एका महार बाईला मास्तरीण म्हणून मिळालेला हा पगार. बाईचं नाव जाईबाई चौधरी. ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. शाळा काढणारी जाईबाई आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. शाळेतून काढलेली जाईबाई मात्र सांगत नाही. मला आज ती सांगायची आहे. कारण 'सगळ्या जातीची पोरं एका वर्गात बसली की जात आपोआप जाते' असं आपल्याला जो तो शिकवतो. सरकार शिकवतं, सर्वोदयवाले शिकवतात, आता आपलीही नोकरीला लागलेली माणसं तेच बोलतात. हे किती खरं, हे नागपूरच्याच मातीत तपासून बघू.

जाईबाईंचा जन्म १८९२ चा, उमरेडचा. दुष्काळ पडला तशी १८९६ च्या सुमाराला घरची माणसं नागपुरात आली. पोट भरायला शहर गाठायचं, ही आपल्या लोकांची जुनी वाट. नवव्या वर्षी लग्न झालं, बापूजी चौधरींशी. थोडंफार लिहायवाचायला आलं होतं. पण अक्षर ओळखून भाकर मिळत नाही. नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहायची, हमाली करायची, हे काम वाट्याला आलं. त्या हमालीत ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या नजरेला त्या पडल्या. ओझं वाहणाऱ्या बाईला वाचता येतं हे त्यांना कळलं, आणि त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिकवायला बोलावलं. पगार चार रुपये.

डोईवरचं ओझं उतरलं आणि हातात खडू आला. जाईबाई वर्गात उभ्या राहिल्या. समोर पोरं बसली. त्यांत वरच्या जातींचीही होती. पोरं शिकली. बाईनं काढलेलं अक्षर गिरवलं. पाटीवरच्या अक्षराला विटाळ होत नाही, हे त्या पोरांना काही काळ तरी कळलं असेल. मग घरी बातमी गेली. बाई महाराची आहे! आईबापांनी पोरं काढून घेतली. शाळेवर बहिष्कार पडला. मिशनला शाळा चालवायची होती, आणि शाळा चालवायला पोरं लागतात. जाईबाईंची नोकरी गेली.

इथं थांबा जरा. हा वर्ग कोणी मोडला? पोरांनी मोडला नाही. पोरं तर बसली होती. मोडला त्यांच्या आईबापांनी. आणि तो मोडू दिला शाळेनं. सगळ्या लेकरांना एका देवाची लेकरं म्हणणाऱ्या मिशनलाही हिशेब सुटला नाही. एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला अख्खी शाळा. तागडं कुठं झुकायचं ते झुकलं.

हा हिशेब नागपुरात नव्यानं मांडला गेलेला नव्हता. १८५६ साली धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सगळी फी भरायला तयार होता. मुंबई सरकारनं काय केलं? एकट्या पोराच्या बाजूला न्याय आहे हे मान्य केलं आणि त्याला दारातून परत पाठवलं. एकाला आत घेतलं तर बाकीचे निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, हे कारण. पुढं वरून कानउघाडणी झाली आणि १८५८ पर्यंत तत्त्व ठरलं: सरकारी शाळेत केवळ जातीवरून कोणाला नाकारायचं नाही. १८८२ च्या हंटर कमिशननं हे तत्त्व पुन्हा उचलून धरलं. पण त्याच दमात सांगितलं की ते जपून, बेतानं लागू करा, आणि जिथं अडचण असेल तिथं खालच्या जातींसाठी वेगळ्या शाळा काढा. म्हणजे कायद्यानं दार उघडं आणि व्यवहारात उंबऱ्यावर माणूस उभा. बाबासाहेबांनी हा सगळा इतिहास १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात मांडला. आपल्या वाट्याचं दुःख सांगताना त्यांनी रडगाणं गायलं नाही. सरकारचेच कागद सरकारपुढं ठेवले. हे आपण त्यांच्याकडून घ्यायचं.

आणि आत घेतलं तरी काय होत होतं? खुद्द बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत 'एकत्र'च शिकत होते. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही बाकीच्या पोरांपासून दूर. शाळेचा झाडूवाला ते गोणपाट शिवायचा नाही, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नाही तर पाणी नाही. हजेरीपटावर नाव एकत्र, मास्तर एक, पुस्तक एक. सरकारी अहवालात अशा पोराची मोजणी 'सर्वांसाठी खुल्या शाळेतला विद्यार्थी' अशीच होणार. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, प्रत्येकाकडं एक गोणपाट निघेल. कोणाचं व्हरांड्यातलं, कोणाचं खिडकीबाहेरचं.

मुंबई इलाख्याचे आकडे बाबासाहेबांनी १९२७ साली कौन्सिलात मांडले होते. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची हजारामागे ११९ पोरं, आणि ज्या वर्गात आपण मोडत होतो त्या मागास वर्गाची १८. आपलं नागपूर तेव्हा मध्यप्रांतात होतं, पण इथल्या महारवाड्यातलं चित्र वेगळं असायला काही कारण नव्हतं. खुल्या दाराच्या तत्त्वाला तेव्हा सत्तर वर्षं होत आली होती.

०

मग आपल्या माणसांनी काय केलं? बसून राहिले नाहीत. जोतिबांनी पुण्यात १८५२ साली महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढली होती. तिथून निघालेली ठिणगी आपल्याकडं यायला वेळ लागला, पण आली. मोहप्याचे किसन फागू बनसोडे. या माणसानं १९०७ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. मुलींची, हे ध्यानात घ्या. आपल्या पुढाऱ्यांना मुलगी आठवते ती सगळ्यात शेवटी, इथं ती सुरुवातीलाच आहे. बनसोड्यांनी पत्रंही काढली. १९१० ला 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ ला 'विटाळ विध्वंसक', १९१८ ला 'मजूर पत्रिका', १९३१ ला 'चोखामेळा'. शाळा आणि छापखाना ही त्यांची दोन हत्यारं. एकानं वाचणारे तयार करायचे, दुसऱ्यानं त्यांना वाचायला द्यायचं. पूर्वी आपण सायक्लोस्टाइलवर शाईनं हात काळे करून घ्यायचो, ती रीत तिथली.

१९२२ साली जाईबाईंनी न्यू कॉलनीत संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ज्या बाईला दुसऱ्याच्या वर्गातून उठवलं, तिनं स्वतःचा वर्ग मांडला. पुढं त्याच रोपाचं झाड झालं आणि त्याला जाईबाईंचंच नाव मिळालं. कामठीला बाबू हरदास एल. एन. यांनी १९२७ साली रात्रशाळा चालवल्या. ८६ मुलं आणि २२ मुली शिकायला येत. दिवसा विडीचा कारखाना नाही तर मोलमजुरी, रात्री कंदिलाखाली अक्षर. चोखामेळ्याच्या नावानं त्यांनी वाचनालयही उभं केलं.

आता आपल्यातला एखादा शहाणा विचारील, अरे बाप्पा, ह्या तर आपल्याच लोकांच्या शाळा झाल्या. वेगळ्या शाळा. मग सरकारनं महारांना वेगळी शाळा काढून दिली आणि आपण आपली काढली, यात फरक काय?

फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज बघा. १९१९ साली त्यांनी आपल्या संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती पोरं सगळ्यांच्या शाळेत घालायचा हुकूम काढला. वेगळी शाळा म्हणजे विटाळावर सरकारी शिक्का, हे त्यांनी ओळखलं. पण याच महाराजांनी जातवार बोर्डिंगांना जागा दिल्या, पैसा दिला, अस्पृश्यांचं बोर्डिंगही उभं केलं. शाळा एकत्र, बोर्डिंग आपलं. पोरगं दिवसा सगळ्यांत बसेल, अपमान झाला तर संध्याकाळी त्याला पाठ टेकायला स्वतःची भिंत असेल. १९२० च्या मे महिन्यात हेच शाहू महाराज नागपुरात आले, अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. तरुण भीमराव आंबेडकर त्या परिषदेत होते. त्यानंतर दोनच वर्षांनी जाईबाईंनी पाठशाळा काढली.

तर फरक असा. दुसऱ्यानं आपल्याला वेगळं बसवलं तर ती शिक्षा. आपण आपली जागा उभी केली आणि तिचं दार उघडं ठेवलं तर ते बळ. पहिल्यात दाराची कडी त्याच्या हातात असते, दुसऱ्यात ती आपल्या हातात.

०

हुकूम निघाला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांसाठी कविठा गाव आहे. अहमदाबाद जिल्ह्यातलं. १९३५ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांची पोरं सगळ्यांच्या शाळेत घ्या असा हुकूम काढला. कविठ्याच्या अस्पृश्यांनी हुकमावर विश्वास ठेवला आणि ८ ऑगस्टला आपली चार पोरं शाळेत नेली. सवर्णांनी आपली पोरं काढून घेतली. पुढं मारहाण झाली, वस्तीवर बहिष्कार पडला. चार पोरांसाठी. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त या गावाचं नाव घेतलं आहे. हुकूम देणारं सरकार मुंबईत आणि मार खाणारी माणसं कविठ्यात. मधे कोणी नाही.

'शिकली की सुधारतात' असं म्हणणाऱ्यांसाठी मात्र उदाहरण नागपूरचंच आहे. १९३७ च्या डिसेंबरात इथं अखिल भारतीय महिला परिषद भरली. ही संस्था मुळात निघाली होती ती १९२७ साली, स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नासाठी. म्हणजे शिकलेल्या, मोठ्या घरच्या, देशाचा विचार करणाऱ्या बाया. तिथं जेवणाच्या पंगतीत आपल्या बायांची पानं वेगळी मांडली. त्यांत जाईबाई होत्या. त्यांच्या शाळेला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. किती पोरींना त्यांनी अक्षर दिलं असेल! पण शिक्षणाच्या परिषदेत त्या बाईचं पान वेगळं. आपल्या बाया गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी नागपुरातच स्वतःची सभा भरवली आणि या वागणुकीचा निषेध केला. चार दिवसांत उत्तर. आपण आज निवेदन लिहायलाच पंधरा दिवस घेतो.

या पंगतीनं एक गोष्ट पक्की केली. पुस्तक एकच असून चालत नाही. पाणी, ताट, बसायची जागा आणि शिकवणाऱ्याची जात, या चार ठिकाणी शाळा एकत्र आहे की नाही ते कळतं. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहिली. एकत्र कष्ट केले, एका चुलीवरचं खाल्लं. ते टिकलं, कारण तिथं भाकरी एक होती. समतेचा धडा तिथं वेगळा तास लावून शिकवायची गरज पडली नाही.

आणि बाबासाहेबांचं स्वतःचं उत्तर? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. ही कॉलेजं आपल्या पोरांसाठी निघाली, पण फक्त आपल्यासाठी नाही. प्रवेश सगळ्या जातींना. शिकवणारेही सगळ्या जातींचे. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस, ते काही आपल्या वस्तीतले नव्हते. बघा, इथं जाईबाईंचा वर्ग उलटा झाला. आता संस्था आपली, आणि बामण-मराठ्यांची पोरं आपल्या दारात प्रवेशाचा अर्ज घेऊन. इथं कोणाच्या आईबापानं पोरगं काढून नेलं तर जागा दुसऱ्याला मिळेल, मास्तर घरी जाणार नाही. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या मोहन पार्कात बाबासाहेब बोलले ते शिका, चेतवा, संघटित व्हा. त्या तीन शब्दांतला 'शिका' म्हणजे नुसती पदवी नव्हे. शिकायची जागा कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्यात आहे. १९६४ साली दीक्षाभूमीवर कॉलेज उभं राहिलं, ते याच वाटेनं.

०

समुद्रापलीकडच्या काळ्या भावांनीही हाच प्रश्न सोसला. डु बॉईस या त्यांच्या विचारवंतानं १९३५ साली सरळ विचारलं, निग्रोंना वेगळ्या शाळा हव्यात काय? त्यांचं म्हणणं असं की पोराला शिक्षण हवं. जिथं मास्तर त्याचा तिरस्कार करतो ती एकत्र शाळा वाईट, आणि जिथं पैसा नाही, साधनं नाहीत ती वेगळी शाळाही वाईट. बाबासाहेबांनी १९४६ साली याच डु बॉईसना पत्र लिहिलं होतं, हे आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे. १९५४ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. १९६० साली न्यू ऑर्लीन्समधे रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी पोरगी सरकारी पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. गोऱ्या आईबापांनी पोरं काढून नेली. एक मास्तरीण राहिली, बार्बरा हेन्री. तिनं वर्षभर त्या एकट्या पोरीला शिकवलं. रिकामा वर्ग नागपुरातही झाला आणि न्यू ऑर्लीन्समधेही. इथं बाईला घरी पाठवलं. तिथं पोरगी बसून राहिली, कारण तिच्या पाठीशी कायदा होता, पहारा होता आणि न हटणारी एक मास्तरीण होती. पुढं हळूहळू वर्ग भरला.

पण त्यातला दुसरा भागही ऐका. तिकडं शाळा एकत्र झाल्या तेव्हा काळ्यांच्या शाळा बंद केल्या आणि हजारो काळ्या मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत, पण फळ्यासमोर काळा माणूस नाही. एकत्र येण्याची किंमत एकाच बाजूनं मोजली. जाईबाईंनीही तीच मोजली होती.

०

आता आजचं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरच्या पोरांना द्यायच्या. सुप्रीम कोर्टानं २०१२ साली हे उचलून धरलं, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. महाराष्ट्र सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हा २५ टक्क्यांचा नियम लागू नाही. शहरात एक किलोमीटरात सरकारी शाळा नाही असं किती ठिकाणी असेल? म्हणजे गरिबाचं पोरगं गरिबाच्या शाळेत आणि साहेबाचं साहेबाच्या. हायकोर्टानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. धारवाडच्या पोराचं दार पुन्हा लावायचा हा डाव होता, फक्त जातीऐवजी किलोमीटर मोजला.

दुसऱ्या अंगानं, महापालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडल्या. ज्या उरल्या त्यांत आपली, मुसलमानांची, आदिवासींची, हातावर पोट असणाऱ्यांची पोरं. ज्यांची ऐपत झाली ते निघून गेले. आणि खरं बोलू का? निघून जाणाऱ्यांत आपणही आहोत. सवर्णांनी पोरं काढून नेली ती विटाळाला भिऊन. आपण नेतो ती 'तिकडं झोपडपट्टीची पोट्टे असतात' म्हणून. वर्ग रिकामा व्हायचा तो होतोच.

आणखी एक घाव स्वतःवर घालून घेऊ. बाबू हरदास महारांतल्या पोटजाती मोडायला झटले. आपण नंतर काय केलं? आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत मांगाचं पोरगं किती? वाल्मीकी वस्तीतली पोरगी किती? जोतिबांची शाळा महार-मांगांची होती, एका दमात उच्चारलेली. आपण तो जोडशब्द तोडला. दुसऱ्यानं आपल्यासाठी दार उघडावं म्हणून आपण मोर्चे काढतो. आपल्या दाराची कडी तपासत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, भाषण पुरे, कामाचं बोलतो. कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आपल्या माय-बहिणींना त्या समितीत बसवा. शाळेत दुपारी खिचडी वाढतात तेव्हा जाऊन उभे राहा. कोण शिजवतं, कोण वाढतं, कोण कोणाशेजारी बसतं ते बघा. २५ टक्क्यांतल्या पोरांना वेगळ्या वर्गात वा वेगळ्या वेळेला बसवता येत नाही, असा नियम आहे. बसवलं तर लिहून काढा, तारखेसकट. बाबासाहेबांनी सायमनपुढं कागद ठेवले, तुम्हीही कागद ठेवा. प्रवेशाचे अर्ज भरायच्या दिवसांत वस्तीत टेबल टाकून बसा, आणि त्या टेबलापाशी फक्त आपल्या गल्लीचं नाही तर शेजारच्या मोहल्ल्याचंही पोरगं येऊ द्या. विहाराची अभ्यासिका सगळ्यांना उघडी करा. तिथं शिकवायला पोरी उभ्या करा, मांगाची, भंग्याची, गोंडाची पोरगी फळ्यासमोर उभी करा.

कारण मूळ प्रश्न तोच आहे. जाईबाईंच्या समोर पोरं बसली होती. शिकत होती. त्यांना उठवून नेलं गेलं आणि बाईच्या मागं उभं राहायला कोणी नव्हतं. ना सरकार, ना मिशन, ना संघटना. आज अशी एखादी बाई एखाद्या वर्गात उभी असेल, आणि आईबापांची कुजबुज सुरू झाली असेल. पोरं उठायच्या आत तुम्ही तिथं पोचायचं आहे.

जय भीम.